जास्त घेणारं सरकार

छप्पन साली आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी सरकारं तोलली जात, आणि तोलणारी मी होते. अमरावतीच्या बुधवाऱ्यात आमचं घर. यजमान महादेवराव वकील होते. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती, पण त्यांची खुर्ची ओट्यावरच होती आणि तिच्यावर बसून शेवटचा शब्द बोलायची सवय तोवर मला लागली होती. मी शिकले दुसऱ्या बुकापर्यंत. वर्तमानपत्राची अक्षरं बारीक म्हणून सून चारुशीला वाचून दाखवायची, आणि निकाल मी द्यायची.

तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. एक नोव्हेंबरपासून वऱ्हाड त्यातून निघून मुंबई राज्याला जोडलं जाणार, हे ठरून गेलं होतं. गल्लीतले मास्तर, वकील सगळे तोंड वाकडं करून म्हणत, मोठ्या घरची धाकटी सून होऊन चाललो आपण. मी म्हणायची, दरिद्री घरची थोरली होऊन तरी काय मिळालं? मुलीला स्थळ पाहतो तसं राज्य पाहावं. घरात काय शिजतं ते पाहावं, आणि मग बोलावं.

एक दिवस चारुशीलेने दोन्ही राज्यांचे कर वाचून दाखवले. मुंबईकडे विक्रीकर जास्त, मोटारीवर जास्त, नाटकाच्या तिकिटावर जास्त. पण शाळा, दवाखाने, कालवे यांवरचा माणशी खर्चही तिकडेच जास्त. आमच्याकडे घेणं कमी आणि देणंही कमी. मला तेवढंच पुरलं. मी सांगून टाकलं, "जे सरकार जास्त घेते तेच जास्त देते. ज्याच्या हाती काही नाही ते वाढीन काय?"

शेजारची हलीमाबी पानदान मांडीशी घेऊन बसलेली असायची. तिचा नवरा सरकीचा व्यापार करायचा, तोही गेलेला. तिचा मुलगा ताहेर आणि माझा उद्धव एकाच कचेरीत ओव्हरशिअर. शिक्षण तिचंही माझ्याइतकंच, म्हणजे नसल्यात जमा. तिने चुना लावता लावता विचारलं, "मांगनेवाला हात आन् देनेवाला हात एकच रायते का, माणिकबाई?"

मी म्हटलं, "तुमी पान खा."

सगळे हसले. मीही हसले. ती तेवढ्याने गप्प बसली, कारण ती माझ्यापेक्षा शहाणी होती. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

माझ्या एवढं अडून बसण्याला कारण होतं. माझं माहेर टाकळी खारी. बाळापूरच्या पलीकडे, पूर्णेच्या अंगाला. त्या पट्ट्यात जमीन काळीभोर, कापूस छातीएवढा, पण विहीर कुठेही खणा, पाणी खारं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो, आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. आमच्याकडे मुली द्यायला लोक कचरत. मला तिथे दिलेली नव्हती, मी तिथलीच लेक, म्हणून लग्नानंतर अमरावतीला पहिल्यांदा गोड्या पाण्यातलं वरण खाल्लं तेव्हा मला ते पातळ पिठल्यासारखं लागलं. सासूबाई हसल्या होत्या. ते हसू मी विसरले नाही.

उद्धव बांधकाम खात्यात लागला आणि त्याला त्या पट्ट्यातल्या पाण्याची पाहणी मिळाली, तेव्हा मला वाटलं माझंच काम सरकारने काढलं. पंचावन्नच्या उन्हाळ्यात त्याने बाटल्या भरून नागपूरला तपासणीला पाठवल्या आणि महिनाभर वाट पाहत बसला. मी म्हटलं, बाटल्यांची वाट काय पाहतोस, मला घेऊन चल. मग मी त्याच्याबरोबर बैलगाडीतून पाच गावं फिरले. प्रत्येक विहिरीवर तीन दगड मांडायचे, एक वाटी डाळ, तीन वाट्या त्या विहिरीचं पाणी, सारख्याच गोवऱ्या. उद्धव घड्याळ धरून बसायचा. आमच्या अमरावतीच्या पाण्यात जी डाळ पाऊण तासात मोडत होती, तिला टाकळीच्या गावविहिरीवर दोन तास झाले तरी दाणा दाताखाली कडकन वाजायचा. अकरा विहिरी झाल्या. बायका भोवती जमायच्या, मला ओळखायच्या, आणि कुठल्या विहिरीचं पाणी जरा बरं यावर आपसात भांडायच्या. उद्धवने अहवालात त्यासाठी वेगळा रकानाच आखला: डाळ शिजण्यास लागलेला वेळ. नागपूरहून बाटल्यांचा निकाल चार महिन्यांनी आला. त्यात आकडे होते, पण त्यांनी सांगितलं ते डाळीने आधीच सांगितलेलं.

मग त्याने योजना काढली. पातूरच्या अंगाला टेकड्या आहेत, तिथल्या एका नाल्यावर बांध घालायचा आणि तिथून उताराउताराने नळ आणून पाच गावांना पाणी द्यायचं. इंजिनाची गरज नाही, उतारच पाणी आणील. त्याने तो नकाशा जेवणघरात जमिनीवर पसरून मला दाखवला. बोटाने नळ ओढत टाकळीपर्यंत आणला आणि थांबला. आपल्या हाताने एक तरी पाण्याचं काम जमिनीवर उभं करायचं, एवढीच त्याची इच्छा होती. रस्ते दुरुस्ती आणि कचेऱ्यांना चुना, याला तो काम म्हणतच नसे.

आणि तेवढ्यात राज्य बदललं. नोकरदारांना कळवण्यात आलं की नव्या मध्यप्रदेशात जायचं असेल त्याने सप्टेंबर अखेरच्या आत लेखी कळवावं, नाहीतर आहे तिथेच मुंबई राज्यात राहावं. चंबळ नदीवर तिकडे मोठं धरण चाललं होतं. ओव्हरशिअर कमी पडत होते. ताहेरने लगेच लिहून दिलं. उद्धवनेही लिहिलं.

मी विचारलं, काहून? तर म्हणाला, "आई, तिकडं काम चालू आहे. इकडं आता नवीन साहेब येतीन, नवीन फायली येतीन. टाकळीची योजना कोन वाचीन कोनाले ठाऊक. मले कागदावर नाही, मातीवर काम पायजे."

त्याचा दौरा होता दर्यापूरकडे, पंधरा दिवसांचा. चारुशीला बाळंतपणाला माहेरी गेलेली. त्याने पाकीट माझ्या हाती दिलं आणि सांगितलं, तीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे, उद्याच रजिस्टर करून टाक.

दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला.

पितृपक्षात आमच्याकडे नवं काही काढत नाहीत. सोयरीक बोलत नाहीत, नवं कापड फाडत नाहीत, घराबाहेर नव्या कामाचा कागद पाठवत नाहीत. महादेवराव जिवंत असताना नवीन दावासुद्धा त्या पंधरवड्यात लावत नसत. मी पाकीट देवघराच्या फळीवर ठेवलं. पोस्ट त्या पंधरवड्यात उघडं असतं हे मला माहीत होतं. तीस तारीख सर्वपित्रीच्या आधी येते हेही मी पंचांगात बोट लावून पाहिलं होतं. कर्मकांड मी पाळलं हे खरं, पण त्या वर्षी ते माझ्या सोयीचं निघालं हेही तितकंच खरं. महादेवरावांच्या अष्टमीला ब्राह्मण जेवून गेले, मी हात धुतले, पाकिटाकडे पाहिलं आणि पुन्हा वर्षभराच्या लोणच्याचं काम काढून बसले. लोणचं घालायचे ते दिवस नव्हतेच.

अमावस्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन पाकीट रजिस्टर करून आले. उद्धवने दौऱ्यावरून आल्यावर विचारलं, टाकलं का पोस्टात? मी म्हटलं, टाकलं. खोटं बोलले नाही, असं मी मनाशी पुष्कळ वर्षं म्हणत राहिले.

ताहेरला तिकडचं पत्र आलं. उद्धवला आलं नाही. एक नोव्हेंबर उजाडला आणि उद्धव मुंबई सरकारचा नोकर झाला.  तो ताहेरला बडनेरा स्टेशनवर पोचवून आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, बरं झालं, टाकळीचं आता इथेच राहून करू. मला वाटलं, देवानेच केलं.

सत्तावनच्या संक्रांतीला मी टाकळीला गेले. भावजय कौशल्येच्या अंगणात हळदीकुंकू ठेवलं होतं. पाचही गावच्या बायका आल्या. मी वाण म्हणून प्रत्येकीला गोड्या पाण्याचा एकेक तांब्या दिला. अकोल्याहून पिंपात भरून पाणी आणवलं होतं. तिळगूळ देता देता सांगितलं, आपण आता ज्या सरकारात गेलो ते घेते जास्त आणि देतेही जास्त. माझ्या मुलाची योजना मुंबईला गेली आहे. दोन वर्षांत हेच पाणी तुमच्या दारात येईल. बायकांनी तांब्यातलं पाणी तिथे प्यायलं नाही. पदराखाली झाकून घरी नेलं, म्हाताऱ्यांसाठी, तान्ह्यांसाठी. मला तो मान माझाच वाटला.

योजना मुंबईला गेली ती खरोखर दोन वर्षांत परत आली. वर दोन शेरे होते. पहिला असा की, डाळ शिजण्यास लागणारा वेळ हा रकाना विहित नमुन्यात नाही, तो काढून टाकावा. दुसरा असा की, या योजनेचा माणशी खर्च फार आहे. राज्यातल्या इतर जिल्ह्यांत याच्या निम्म्या खर्चात पाणी देता येतं, तरी फेरविचार व्हावा. चारुशीलेने वाचून दाखवलं. मी सरकारं तोलत बसले होते, आता सरकार आम्हाला तोलत होतं आणि आम्ही हलके भरलो होतो. जिथे नदी गोडी आहे, कालवे आधीच आहेत, तिथे आणखी एक नळ स्वस्तातच पडणार. आमच्याकडे काहीच नाही म्हणून महाग. हे मला कळत होतं. पण ओट्यावर मी म्हटलं, अहो, मोठ्या घरात पंगत मोठी असते, वाढप्याला आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो.

साठ साली महाराष्ट्र झाला. गुजरात वेगळा निघाला. मी गल्लीत पेढे वाटले आणि सांगितलं, आता आपलंच घर, आपलीच माणसं. उद्धवने योजना पुन्हा लिहिली, रकाना काढून. एकसष्टात उत्तर आलं की आधी गावांनी लोकवर्गणीची हमी द्यावी. तीन गावं हो म्हणाली. दोन गावं म्हणाली, आधी पाणी दाखवा. पुन्हा कागद गेला, पुन्हा आला. पाण्याच्या आधी शहरात शिक्षणकर आला. तो मी पहिल्या दिवशी स्वतः भरून आले. रांगेतल्या एका गुजराथी दुकानदाराने कुरकुर केली तर त्याला मी ऐकवलं की कर भरायला रडतो त्याने रस्त्यावरून चालू नये. इतकी माझी श्रद्धा.

उद्धव तोवर पस्तिशीचा झाला. केस कानाजवळ पांढरे. दुष्काळी कामांचे रस्ते, कचेऱ्यांच्या भिंती, दुरुस्तीची अंदाजपत्रकं. नोकऱ्यांच्या एकत्र ज्येष्ठता यादीत आमच्याकडचे लोक खाली लागले होते, म्हणून बढतीही रखडलेली. घरी आला की चहा घ्यायचा आणि मुलीचा अभ्यास घ्यायचा. बोलायचा कमी. चारुशीला एकदा मला म्हणाली, "यांना घरात कोणी काही विचारलं नाही तर बरं वाटतं." ती माझ्यावर बोलली की आपल्याशीच, मला कळलं नाही, म्हणून मी तिला भाजी करपली म्हणून बोलून घेतलं.

चौसष्टच्या दिवाळीत ताहेर रजेवर आला. हलीमाबीने शिरखुर्म्याचं पातेलं आमच्याकडे पाठवलं, ईद नसताना. मुलगा उपअभियंता झाला होता. संध्याकाळी ताहेर आमच्याकडे आला. मला वाकून सलाम केला, मावशी म्हणाला, आणि फोटोंचं पुडकं उद्धवपुढे ठेवलं. भिंतीएवढं धरण, खाली माणसं मुंग्यांसारखी. तो फुशारकी मारायला आला नव्हता. मारली असती तर मला बरं पडलं असतं.

उद्धवने एकेक फोटो खिडकीकडे नेऊन पाहिला. आणि मग बोलायला लागला. पाया किती खोल गेला, चुन्यात विटांची सुरखी किती, पाण्याचा झिरपा कुठे निघाला, तो कसा बांधला. ताहेर उत्तर द्यायचा आणि हा पुढचं विचारायचा. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. कळत काही नव्हतं, पण माझा मुलगा इतका वेळ, इतक्या भराभर बोलताना मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. मध्येच तो हसला. ताहेर म्हणाला, "तू असता तर ते झिरप्याचं महिनाभर आधी सापडलं असतं, यार."  उद्धवने फोटो गोळा करून नीट रांगेत लावून परत दिले.

माझा घाणा करपला.

सकाळी तो मागच्या अंगणात बूट पुसत बसला होता. मी शेजारी जाऊन पायरीवर बसले. असं मी कधी बसत नसे. मी त्याला पाकिटाचं सांगितलं. फळीवर ठेवलेलं, पंचांग पाहिलेलं, सगळं. पितृपक्षाचं कारण सांगितलं आणि ते कारण नव्हतं हेही सांगितलं.

तो बूट पुसत राहिला. मग म्हणाला, "पाकीट उशिरा पोचलं ते मले तवाच कळलं होतं, आई."

मला वाटलं तो मला सोडवायला बोलतो आहे.

"साहेबानं बोलावलं होतं. पोस्टाचा शिक्का दाखवला. म्हणाले, मुदत पंधरा दिवस वाढली आहे, तुमचं धरता येते. फक्त जायचं पक्कं आहे काय तेवढं सांगा. मी म्हटलं, उद्या सांगतो."

"मग?"

"मग घरी येऊन जेवाले बसलो. तू वाढून राहिली होती. म्हणालीस, ज्या घरात एवढं शिजते ते घर टाकळीच्या पानावर वाढताना हात काहून आखडीन. आपलं मानूस तिथं उभं पायजे फक्त." त्याने दुसरा बूट घेतला. "मले ते पटलं. सकाळी साहेबाले म्हटलं, राहू द्या."

मी ती संध्याकाळ आठवायला लागले. आजही आठवते आहे. काय भाजी होती, दिवा लावला होता का, मी उभी होते की बसलेली, काही म्हणता काही आठवत नाही. पाकीट मी आठ वर्षं रोज आठवलं होतं. फळीवर ते कुठल्या बाजूला होतं ते मी आजही सांगेन. आणि ज्याने त्याला थांबवलं ते वाक्य मी आमटी वाढता वाढता बोलून गेले होते, जशी रोज दहा बोलते, आणि विसरले होते.

मी म्हटलं, "तू मले तवा सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तुझं म्हननं चुकीचं आहे हे मले तरी कुठं माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांचा होतो मी. माझंही डोकं होतं ना." त्याने बूट घातले. "तुह्यावर राग नाही माझा."

राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते. भांडता मला येतं.

पासष्टच्या उन्हाळ्यात टाकळीच्या योजनेवर शेवटचा कागद आला. खर्च लोकसंख्येच्या मानाने परवडणारा नाही, सबब विचार सोडून देण्यात येत आहे. गावांना तसं कळवावं. कळवायचं काम उद्धवकडेच आलं. त्याला बोलायची कला नाही. मी म्हटलं, मी येते. त्याने नको म्हटलं नाही.

अकोल्यापर्यंत रेल्वेने, तिथून मोटारीने बाळापूर, पुढे गाडी. कौशल्येने निरोप दिला होता. शाळेपुढे लिंबाखाली बायका जमल्या. पुष्कळ त्याच होत्या, काही सुना नव्या. उद्धव कागद घेऊन उभा राहिला आणि पहिलंच सरकारी वाक्य वाचून अडला. मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि घडी घातली.

मी म्हटलं, "बायांनो, पाणी येत नाही. योजना सोडली. मी तुमाले संक्रांतीले सांगितलं होतं, जास्त घेणारं सरकार जास्त देते. मी चुकले. ते घेते सगळ्यांकडून, आन् देते जिथं द्यायले सोपं तिथं. हे पोराचं काम नोयतं, माझं बोलनं होतं. याले काही म्हनू नका."

 मी शिव्यांची वाट पाहत होते. मग मागे बसलेली एक म्हातारी, तिचं नाव मला आठवत नाही, हात कपाळाशी धरून म्हणाली, "मंग आता कोन्या राज्यात जायचं, बाई?"

सगळ्या हसल्या. कौशल्या हसली, नव्या सुना पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसले. हसणं ओसरलं आणि त्या म्हातारीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कळलं की ती खरंच विचारत होती. माझ्याकडे कोणतंही राज्य नव्हतं.

मग कौशल्याच बोलली. तिने उद्धवला विचारलं की शाळेवर गेल्या साली पत्रे टाकले आहेत, पावसात त्यावरून नुसता लोट येतो, तो कुठे धरून ठेवता येईल काय. उद्धवने वर पाहिलं. पिशवीतून टेप काढली. एका बाजूने कौशल्येने धरली, दुसऱ्या बाजूने त्याने. त्याने छप्पर मापलं, वहीत लिहिलं, मग शाळेच्या मागची जमीन मापली. मी लिंबाखालीच बसून राहिले. सगळ्या बायका उठून त्याच्यामागे गेल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने रजा घेतली आणि गावकऱ्यांना हाताशी धरून शाळेमागे हौद बांधला. दगड गावचाच, चुना बाळापुरातून. सरकारी कागद एकही नाही. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, वर फरशी. त्याने आयुष्यात बांधलेलं ते पहिलं पाण्याचं काम. श्रावणात हौद भरला. कौशल्या कुलूप लावते आणि बाळंतिणीच्या, तान्ह्याच्या घरी रोज एक कळशी देते. मोजून वापरलं तर कार्तिकापर्यंत पुरतं. पुढचे सात-आठ महिने सगळ्यांना विहिरीचंच.

परवा ताहेरचं पत्र आलं. तिकडे दुसऱ्या एका नदीवर कालव्याचं काम निघालं आहे, त्याची हकीकत चार पानं लिहिली आहे. उद्धवने पत्र दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. मी त्याला म्हटलं, तूही आपल्या हौदाचं लिही त्याला.

तो म्हणाला, "काय लिहू, आई? लांबी बारा फूट?"